गोजराबाईचं पाणी

बायकांच्या बराकीमागे हापसा बसला, त्या दिवशी लताबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

१९७८चा एप्रिल होता. नाशिकच्या त्या जुन्या तुरुंगात लताबाई बायकांच्या बराकीवर पहाऱ्याला होत्या. संक्रांतीनंतर बराकीत कावीळ शिरली. टाकीतलं पाणी पिऊन एकेक बाई पिवळी पडत गेली, आणि दवाखान्यात नेलेली बायडाबाई परत आलीच नाही. लताबाई साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहून भांडल्या. "कोर्टानं कैदेची शिक्षा दिलीय साहेब, काविळीची नाही." शेवटी बोअर झाली, औषध टाकलं, पाणी तपासून आलं. पिण्यास योग्य!

पण बायका पुढे येईनात.

"आधी तुमी प्या, बाई," सायखेड्याची रंगूबाई म्हणाली.

लताबाईंनी ओंजळ धरली. पहिल्याच घोटाला त्या थबकल्या. गावातल्या ज्या विहिरीला त्यांच्या वस्तीनं शिवायचं नव्हतं, तिचं पाणी लहानपणी एका बाईनं एकदाच, अंग चोरून, वरून त्यांच्या ओंजळीत ओतलं होतं. हे तेच पाणी होतं. ओल्या सुंभाचा वाससुद्धा तोच.

ऊन लागलं असेल, असं म्हणून त्यांनी तोंड पुसलं. "गोड आहे गं! या!"

मग जर्मनचे पेले पुढे आले. रंगूबाई एक घोट पिऊन ओरडलीच, "अगं, ही तर आमची गंगा हाय! आमच्या घाटावरची गोदामाई!"

"गंगा कशानी?" कळवणकडची भागीबाई हसत सुटली. "हाई ते आमना झिरानं पानी शे!"

एकच गलका उडाला. जी पिईल ती आपल्या गावाचं नाव घेई. कुणी रडत होती, कुणी दुसरीच्या पेल्यातलं चाखून भांडत होती. कित्येक महिन्यांत बराकीत एवढं हसू कुणी ऐकलं नव्हतं. लताबाई हापसत होत्या, घामानं निथळत होत्या, आणि त्यांनाही हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात त्यांची नजर रंगूबाईच्या पेल्यात गेली. तळाशी नदीची काळी रेती होती. भागीबाईच्या पेल्यात करंजाचं ओलं पान तरंगत होतं.

पाणी एकाच तोटीचं होतं. आसपास करंजाचं झाड नव्हतं.

लताबाईंचा हात क्षणभर थांबला. पण बायका "बाई, हापसा ना!" म्हणून ओरडत होत्या.

फक्त गोजराबाई भिंतीला टेकून बसली होती. जन्मठेपेची कैदी. पोटची तान्ही पोर विहिरीत टाकली, असा गुन्हा होता. विहीर उपसली तरी पोर सापडली नव्हती. गोजराबाई कोर्टात एकच वाक्य बोलली होती, "मी उठले तवा पाळण्यात नव्हती." तेव्हापासून ती लागेल तेवढंच बोलायची.

"गोजरा, ऊठ. पी."

"मला टाकीचंच द्या, बाई."

"टाकीच्या पाण्यानं बायडा गेली! तुला नाही मरू देणार मी." लताबाईंनी स्वतः पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

सगळ्या जणी भोवती जमल्या. "कुठलं हाय गं? सांग की!"

गोजराबाई प्यायली. डोळे मिटून, सावकाश. मग उठली, हापशाजवळ गेली आणि थंड लोखंडाला कान लावला.

गलका विरत गेला.

"काय झालं?" लताबाईंनी विचारलं.

गोजराबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

दांड्याला कुणाचाही हात नव्हता. तरी हापशाच्या पोटातून बारीक आवाज आला. हवा असेल, लताबाईंनी मनाशी म्हटलं. नवीन हापशात हवा राहतेच.

आवाज पुन्हा आला. मग पुन्हा. थांबून थांबून.

"उचकी लागलीय," गोजराबाई म्हणाली.

तिचा चेहरा आनंदानं उजळून निघाला होता. तिनं पदराचं टोक पेल्यात बुडवलं, तोटीच्या आत धरलं आणि थेंब थेंब पिळू लागली.



उचकी थांबली. पदराचं टोक आतून हळूच ओढलं जाऊ लागलं, चोखल्यासारखं.