नात्तोवाल्याचा मुलगा

"आज नात्तो खाल्लंत का?"

सोया सॉसच्या संग्रहालयातल्या कोजीच्या खोलीच्या दारात उभी राहून चिझुरू येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायची. कोजी म्हणजे सोयाबीन आणि गव्हावर धरवलेली बुरशी. सोया सॉस, सुपात घालायचा मिसोचा लगदा, सगळ्यांची सुरुवात तिच्यापासून. आणि नात्तो, ते तार सुटणारं, उग्र वासाचं आंबवलेलं सोयाबीन, म्हणजे कोजीचा हाडवैरी. नात्तोचा जंतू खोलीत शिरला की सगळी कोजी बुळबुळीत होते, फेकून द्यावी लागते. लोक हसून "नाही हो" म्हणायचे, हात धुऊन आत यायचे आणि उबदार दाण्यांत बोटं खुपसून खूश व्हायचे.

त्या दिवशी बाहेर नोव्हेंबरची बारीक भुरभुर चालली होती. छत्री झटकत एक उंच, जरा पोक काढून चालणारा तरुण आला, आणि प्रश्न ऐकून चक्क विचारात पडला.

"आज... सकाळी खाल्लं. काल रात्रीही. खरं सांगू? दात आल्यापासून रोज खातोय."

"मग आत नाही सोडता येणार."

"हात धुतो ना."

"अंघोळ केलीत तरी नाही."

"करूनच आलोय. तुम्हाला कळलंसुद्धा नाही, म्हणजे फुकट गेली!"

चिझुरूने ओठ घट्ट मिटले, पण हसू काही आवरेना. तो खोलीच्या काचेबाहेर उभा राहिला. ती आत दाणे चोळत माहिती सांगत होती आणि मध्येच वाक्य विसरली. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती. तिला नीट बघता यावं म्हणून त्याने ती बाहीने पुसली.

कोहेई इताकुरा मितो शहरातला. घराणं नात्तोचं, आणि हा एकुलता एक. नात्तोच्या पाकिटात घालायच्या सॉसच्या पुडीचं ठरवायला तो या गावात आला होता. ती पुडी काही केल्या ठरेना. ठरणार कशी? सॉसघरं सोडून स्वारी संग्रहालयात! तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून पेल्यातली चव ओळखायचा खेळ आहे. तो मुद्दाम चुकायचा.

"हे व्हिनेगर."

"मिरिन आहे, स्वयंपाकातली गोड दारू. इतकं गोड व्हिनेगर असतं होय?"

"तुम्ही दिलंत म्हणून गोड लागलं असेल..."

"इताकुरा-सान, असली वाक्यं मितोत चालत असतील."

"मितोत कुणी ऐकूनच घेत नाही. सगळ्यांच्या तोंडाला तार सुटलेली."

ती खळखळून हसायची, आणि हसता हसताच एक पाऊल मागे सरायची. कारण ती इथे फक्त सुट्टीच्या दिवशी यायची. एरवी ती हामानोंच्या, म्हणजे घरच्याच सॉसघरात, वडिलांच्या हाताखाली. तीही एकुलती एक. आई नाही, वडिलांचे गुडघे गेलेले, सॉसघर पुढे चालवायचं ते हिनेच. या गावात नात्तोवाल्याला फाटकाबाहेर उभं करूनच बोलतात आणि त्यात कुणी अपमानही मानत नाही. आणि हिला नेमका तोच आवडावा!

जानेवारीत एकदा दोघं संग्रहालयातल्या जुन्या लाकडी पिंपात शिरले. पिंप खोलीएवढं, आतून अजून सॉसचा वास येणारं. तिथे कोहेई एका दमात म्हणाला, "मी घरजावई होतो. तुझं आडनाव लावतो. नात्तो सोडतो, जन्मभर!"

पिंपात आवाज घुमतो, हे तो विसरला होता. बाहेरची सहलीची पोरं खिदळली. "हो म्हणा ना, ताई!"

"वेडा आहेस का?" तिचे कान लाल झाले होते. "आईला काय सांगशील?"

"सांगितलंय. म्हणाली, मुलगी दाखव तरी."

वडिलांनी ऐकून घेतलं. गुडघ्याची पट्टी बांधून संपवली. मग म्हणाले, "खरंच सोडणार असेल... तर येऊ दे." चिझुरूने न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबला आणि आनंदाने रडून घेतलं.

मितोला कोहेईच्या आईने भात वाढला, सूप वाढलं, आणि गवताच्या पेंढीत मुरवलेलं नात्तो पुढे ठेवलं.

"तू खाणार नाहीस, ठाऊक आहे गं. पण पान वाढताना हात ऐकेना."

चिझुरूने आयुष्यात पहिल्यांदा नात्तो खाल्लं. न खाणं तिला जमलंच नाही. चव चांगली होती, फार चांगली, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

निघताना कोहेई गाडी काढायला गेला. आई चपला सरळ लावत खाली बघूनच बोलली. "तो इथे जेवला तर त्याला तुमच्या सॉसघरात पाऊल टाकता येणार नाही, नाही का? आणि माझ्या तर केसांत, कपड्यांत तेच. मी काही तुमच्याकडे यायची नाही." मग तिने घाईघाईने हसून विचारलं, "बाळ झालं की फोटो पाठवशील ना?"

चिझुरू हो म्हणाली.

नात्तो खाल्ल्याचं तिने वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आठ दिवस आत यायचं नाही." संग्रहालयातही तिने दुसरीकडे काम मागून घेतलं. आठवड्याच्या शेवटी कोहेई खांद्यावर बॅग टाकून राहायलाच आला, तेव्हा तीही कोजीच्या खोलीबाहेर, काचेच्या त्याच्याच बाजूला उभी होती.

"परत जा, कोहेई."

"का? मी... नकोय तुला?"

"हवा आहेस. इतका हवा आहेस, की घास उतरत नाही. पण तुझ्या आईने नातवंड फोटोत बघायचं? मला नाही जमणार."

"ती असं म्हणाली?"

"तक्रार नव्हती केली. तेच तर..."

त्याने मान वळवली. "मग तू ये मितोला."

"आणि बाबा?"

त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ते मितोचे हात होते, उबदार, आणि संग्रहालय बंद व्हायची सूचना होईपर्यंत दोघांपैकी कुणी सोडवून घेतले नाहीत. मग त्याने बॅग उचलली. "तुझ्यावर माझं प्रेम आहे," तो म्हणाला. "माझंही," ती म्हणाली. तसं म्हणून काही बदलणार नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे आठ दिवस संपले. सॉसघराच्या दाराशी ब्रश आणि साबण ठेवलेला होता. कोपरापर्यंत, नखांच्या आतून, कातडी लाल होईस्तोवर घासायचं, मगच आत पाऊल. ती आपले तळहात बघत राहिली. काल संध्याकाळी ते त्याच्या हातांत होते. तिला वाटलं, इथेच बसावं आणि पुन्हा कधी उठूच नये.

"चिझुरू!" आतून वडिलांची हाक आली. "सोयाबीन निवलं. माझ्याने एकट्याने होत नाही गं."

"आले, बाबा," ती म्हणाली, आणि तिने नळ सोडला.