हवा ओढणारा पाइप

ताश्कंदजवळच्या अंग्रेनच्या घाटरस्त्याला माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. कंबर गेली, उजवा कान गेला. कॉम्प्रेसर तेवढा ठणठणीत. हवा आत ओढताना असा खेकसतो की गिऱ्हाइकाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं.

जानेवारीत शेजारच्या नोरबुवी ओपा, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, आल्या. त्यांचे यजमान, होलमत बोबो, कोळशाच्या खाणीत होते. छाती कामातून गेलेली. त्यांची खाट नेमकी माझ्या भिंतीला लागून. त्यांची घरघर मला इकडे ऐकू यायची.

"एर्गशजान, तुझं मशीन माझ्या म्हाताऱ्याशी शर्यत लावतंय," ओपा म्हणाल्या. "ते ओढतं, की हेही ओढतात."

"मग दमत असतील."

"दमतात रे. आणि ते थांबलं की मला धडकी भरते." त्यांनी डोक्यावरचा रुमाल सावरला. "आवाज तेवढा कमी कर."

गोंगाट सगळा आत शिरणाऱ्या हवेचा. ट्रकच्या फिल्टरचा जुना डबा घेतला, आतून फोम चिकटवला, कॉम्प्रेसरच्या तोंडाला बसवला. डब्याला जाड रबरी पाइप जोडून त्याचं टोक मागच्या अंगणात काढलं. आवाज निम्म्यावर आला.

पलीकडची घरघरही निम्मी झाली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फोम वाढवला. पलीकडेही आणखी शांत. तिसऱ्या दिवशी पाइप लांबवला, आणि भिंतीपलीकडून काहीच येईना.

चौथ्या दिवशी पहाटेपासून वीज नव्हती. न राहवून शेजारी गेलो. ओपांची शेगडी अजून पेटायची होती, खोली बर्फासारखी. बोबो खाटेवर बसले होते, हातात रिकामा प्याला. मला पाहून हसले.

"तीन रात्री सलग झोपले," ओपा म्हणाल्या. बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. माझ्याही.

बोबोंच्या निघत नव्हती.

मी त्यांच्या छातीकडे पाहिलं. नंतर ओपांकडे.

"काही बोलू नकोस," त्या हळूच म्हणाल्या.

मी मागच्या अंगणात आलो. पाइप काढून टाकायचा, एवढंच डोक्यात होतं.

पाइपाच्या तोंडातून वाफ येत होती. थोडी यायची, थांबायची. पुन्हा यायची.

कॉम्प्रेसर बंदच होता.

मी तळहात लावला. ऊब लागली. मग हात आत ओढला गेला. मी तसाच दाबून धरला.

भिंतीपलीकडे प्याला फुटला.

"एर्गश!" ओपा किंचाळल्या.

मी हात काढला.

दुकान विकून ताश्कंदला मुलीकडे जायचं ठरलं होतं. ते राहिलं. पाइपाला मी हात लावत नाही.

रोज सकाळी ओपा अंगणात येतात. पाइपाच्या तोंडाभोवती साचलेलं दंव डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसतात. हलक्या हातानं, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा.