दुपारी दोनचं दात घासणं

"हे जरा धरा ना."

आयसीयूत येऊन मला मिनिटही झालं नव्हतं, तोच कोणीतरी माझ्या हातात टॉर्च दिला. मास्कच्या वर दोन डोळे... दमलेले, पण हसरे.

"अहो, मी शिकाऊ नर्स नाहीये. मी तर—"

"असू द्या. टॉर्च धरायला डिग्री लागत नाही. इथे, वरच्या दाढांवर."

मी धरला. बेडवर व्हेंटिलेटर लावलेले आजोबा गुंगीत होते, तोंडातून नळी आत गेलेली. टॉर्च देणाऱ्या त्या नर्सने एका हाताने नळी सावरली, दुसऱ्या हातात मऊ ब्रश घेतला आणि चक्क गप्पा सुरू केल्या. "आजोबा, दात घासायचेत. जरा गार लागेल हं. मॅडम नवीन आहेत, माझी अब्रू सांभाळा."

मला हसू आलं. मास्कमुळे दिसणार नाही, असं वाटलं.

"हसलात," तो म्हणाला. "डोळ्यांच्या कडेला कळतं."

खरं तर मी हॉस्पिटलच्या संसर्ग-नियंत्रण विभागाकडून मोजायला आले होते. तोंडातले जंतू नळीच्या कडेने फुफ्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो. म्हणून सकाळी दहाला आणि दुपारी दोनला रुग्णाचं तोंड साफ करायचं. नर्सना हे पाठ होतं, तरी निम्म्या वेळा व्हायचं नाही. का, ते मला शोधायचं होतं. माझ्या वहीत नावं लिहायची नव्हती, म्हणून बेडच्या नंबरावरून तो 'सहा नंबर' झाला.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर पाळत ठेवणार?"

"सगळ्यांवर."

"अरेरे! मला वाटलं, फक्त माझ्यावर."

पुढचे तीन आठवडे मी सोमवार, बुधवार, शुक्रवार जात राहिले. दोन वाजले की तो न बोलता टॉर्च पुढे करायचा, मी न बोलता घ्यायची. आजोबांच्या उशीवर आमची डोकी इतकी जवळ यायची, की मी सेकंद मोजायला विसरायची. वहीत सहा नंबरपुढे 'झालं नाही'ची एकही फुली नव्हती.

इन्चार्ज सिस्टर एकदा म्हणाल्या, "अगं पोरी, बाकीच्या सात बेडवरही माणसंच काम करतात हं!"

माझे कान तापले.

मग मी नसलेल्या दिवसांचे तक्ते हाती आले, नर्सनी स्वतः भरलेले. सहा नंबर... सकाळी : झालं. दुपारी : नाही. पुढचा दिवस, दुपारी : नाही. त्याच्या पुढचा... नाही.

कोणी बघत असलं की माणसं चांगली वागतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे ते 'गार लागेल हं' – सगळं माझ्यापुरतं?

तो बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत होता.

"मी नसले की दुपारचं होत नाही," मी म्हणाले.

"नाही होत."

सबब नाही, काही नाही. ते जास्तच लागलं.

"मग मी असतानाच का?"

"तुम्ही टॉर्च धरता म्हणून." त्याने कोपराने नळ बंद केला. "आजोबा नळी चावतात. एक हात नळीला, एक ब्रशला. तिसरा कुठून आणू? सकाळी फिजिओथेरपीची ताई असते, दुपारी कोणी नसतं. नीट दिसलं नाही आणि नळी निघाली, तर आजोबा जातील. करून टाकलं असं खोटं लिहवत नाही, म्हणून 'नाही' लिहितो."

बघणाऱ्याने कशालाही हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. तो मी पहिल्याच मिनिटाला मोडला होता.

अहवालात आधी माझी चूक लिहिली. मग सिस्टरांना विचारलं, "दोन वाजता शेजारच्या दोन बेडच्या नर्सनी मिळून केलं तर? आधी एकाचा रुग्ण, मग दुसऱ्याचा. चारच मिनिटं जास्त."

"चार मिनिटं मागतेस आणि तोंड असं, जणू माझी किडनी मागतेस! घे."

अट एकच होती – दोन आठवडे मी तिकडे फिरकायचं नाही. अट माझीच... आणि चौथ्या दिवशी मलाच ती जड जायला लागली.

दोन आठवड्यांनी, ड्यूटी सुटल्यावर, तो तक्ता घेऊन माझ्या टेबलापाशी आला. मास्क नव्हता. नाकावर त्याचा वळ, आणि समोरचा एक दात किंचित वाकडा. मी बघतच राहिले.

"मोजा."

बारा दुपारी. अकरा वेळा 'झालं'.

"हा एक?"

"चार नंबरच्या पेशंटचं हृदय बंद पडलं होतं. सगळे तिकडे धावलो."

"वाचले?"

"वाचल्या. आणि आजोबांची नळी काल काढली. पहिलंच वाक्य – तो बडबड्या कुठाय?"

आम्ही दोघंही हसलो. मग मी तक्त्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे... माझ्याशिवाय होतं." हेच तर मला हवं होतं. आवाज मात्र जरा खाली गेला.

"होतं," तो म्हणाला. "म्हणूनच आज बोलता येतंय. आधी बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, मदतनीस हवाय." तो थांबला. कानाची पाळी चोळली. "मला तुम्ही आवडता. हे कामाव्यतिरिक्त आहे."

मी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"मी पाचला सुटते," मी कसंबसं म्हणाले. "अजून वीस मिनिटं आहेत. थांबाल?"

"थांबतो की."

तो समोर बसला. मी एक साधी बेरीज करायला घेतली. तीनदा केली, तीन उत्तरं आली. मग वही मिटली आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच, वेळेच्या आधी उठले.