तात्यांचं येळवसचं ताट

येळवसच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी लोहाऱ्याहून सास्तूरला निघालेल्या माणसाला उपाशी जाऊ देतील, तर शपथ! अख्खी गावं शेतात जेवायला गेलेली, अन् रस्त्यावर कुणी दिसलं की बांधावरून हाक येते. माझी स्कूटी नेमकी तिथंच पंक्चर झाली.

"या की जेवायला! तोवर चाकाचं बघतो मी," म्हणत तो बांधावरून उतरला. रणधीर. हसला, तसे त्याचे डोळे आधी हसले... अन् मी उगीचच ओढणी नीट केली.

कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसलेली. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील, खीर. त्याचे वडील, तात्या, तेवढे लांब आंब्याखाली कोरडी भाकरी घेऊन बसले होते — सगळ्यांकडं पाठ करून.

"गेल्या येळवसला शुगर चढली, दवाखान्यात न्यावं लागलं," रणधीर हळूच म्हणाला. "औंदा आईनं त्यांचं येळवसचं जेवणच बंद केलं. तवापासून तिच्याशी बोलले न्हाईत."

माझं डोकं सणकलं. "अहो, दवाखान्यात माझं कामच हे! शुगरवाल्यांनी काय खायचं, किती खायचं, ते सांगायचं. जेवण बंद कशाला? द्या ते ताट इकडं!"

अर्धं ताट भज्जीनं भरलं — तूर, वाटाणा, पावटा, मेथी, सगळं आलं त्यात. उंडा एकच. आंबील वाटीभर, खीर दोन चमचे.

"एवढंच?" तात्या गुरगुरले.

"भज्जी अजून घ्या. दुसरा उंडा मागाल तर माझ्याशी गाठ आहे! गोळी घेतलीत ना? मग जेवून शेताला फेरी मारायची."

"आरं, हिच्यापुढं तुझी आई बरी की!" तात्या लेकाला म्हणाले. पण पहिला घास तोंडात गेला, तसा लगेच दुसरा उचलला.

रणधीरच्या आईचा, काकूंचा, जीव मात्र टांगणीला. "पुन्हा चढली, तर परत येळवस न्हाय. कधीच न्हाय, सांगून ठेवते."

"दोन तासांनी मोजू. मशीन आहे माझ्याकडं."

"अन् न्हाय चढली," रणधीर माझ्याकडं बघत म्हणाला, "तर तुम्ही मागाल ते देईन."

"बघा हं... महागात पडेल."

"पडू द्या की!"

तात्या हरभऱ्यातून पुढं, आम्ही मागं. त्यानं एक डहाळा उपटून पुढं केला. "हे चालतं का, मॅडम?" घेताना बोटाला बोट लागलं... माझ्या छातीत धडधडायला लागलं. मशीनवरच्या आकड्याच्या काळजीनं, दुसरं काय!

दोन तास झाले, तात्यांच्या बोटाला टोचलं. सगळी पंगत वाकून बघायला लागली. आकडा आला — एकशे बावन्न.

"झकास! एकशे ऐंशीच्या आत!" मी ओरडलेच. तात्यांनी टोपी आभाळात उडवली. काकू हसत होत्या अन् डोळेही पुसत होत्या.

"मागा आता," रणधीर म्हणाला.

"पुढच्या येळवसला..." माझी जीभ अडखळली. पण आता माघार कसली? "पुढच्या येळवसलाही तात्यांचं ताट मीच वाढणार. अन् त्याच्या पुढच्याही... दरवर्षी."

रणधीर कानापर्यंत लाल झाला. "मी... मी तेच मागणार होतो."

तात्या कोपीकडं वळून गरजले, "अगं, खीर आण!"

"तात्या!" मी डोळे वटारले.

"मला न्हाय गं — सूनबाईला!"