वर्षावनातला कुकारा

बसा जवळ. ऋषी, तो फोन ठेव खाली. आमच्या ऑफिसातला देवांग, मूळचा पुण्याचा, ट्रेकिंगचा वेडा. त्याच्यावर ओढवलेलं सांगतो.

गेल्या नोव्हेंबरातली अमावास्या. निधी म्हणेल, काका, अमेरिकेत कसली अमावास्या? चंद्र तोच आहे ना गं. देवांग आणि त्याची बायको नीना ऑलिम्पिक नावाच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वर्षावनात गेले होते, सिएटलपासून चार तासांवर. शेवटचं गॅस स्टेशन मागे पडलं की मैलोन्‌मैल घर नाही, सिग्नल नाही. फांदीफांदीवर गोधडीएवढं जाड शेवाळ. तिथे आवाज घुमत नाही, शेवाळ तो पिऊन टाकतं.

पार्किंगमध्ये परतल्यावर आठवलं, कॅमेरा ट्रेलवरच्या बाकावर राहिला. नीनाचा पाय मुरगळलेला, म्हणून ती गाडीत थांबली. देवांग म्हणाला, वाट चुकलो तर कुकारा घालेन, तू हॉर्न वाजव. सह्याद्रीत सोबत्यांना शोधायची आपली रीत ती, लांबलचक ‘कूऽऽ’. नीना न्यू जर्सीत वाढलेली. तिला ते कधी जमलं नाही.

कॅमेरा मिळाला. पण तिथे नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं. देवांग वाट चुकला. त्यानं कुकारा घातला.

हॉर्न नाही वाजला. कुकारा आला.

त्याला हायसं वाटलं. कुणीतरी आपल्याकडचं आहे म्हणायचं. कुकाऱ्याला कुकाऱ्यानंच उत्तर द्यायचं असतं. त्यानं दिलं. पुन्हा उत्तर आलं. जरा जवळून. शेवटाला किंचित चिरलेलं...

देवांगचाच आवाज तसा चिरतो.

त्यानं टॉर्च झाडांमध्ये फिरवला. नुसते थेंब पडत होते. मग पुन्हा कुकारा... या वेळी लांबून. तिकडेच, झाडांपलीकडे, गाडीतला दिवा लागला. म्हणजे कुणीतरी दार उघडलं होतं.

दिवा विझला.

आत नीना एकटी. तो धावला. पडला. उठून पुन्हा धावला.

गाडीपाशी येऊन त्यानं काच ठोठावली. नीनानं पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. काच बोटभर खाली आली.

“तू बाहेर कसा?” ती कुजबुजली. “तू तर आत्ताच बॅकसीटवर येऊन बसलास... मी बोलतेय, तू काहीच...”

देवांगनं मागे टॉर्च मारला.

कुणी नव्हतं.

सीट कोरडी होती. पण बेल्ट लावलेला होता... आणि ताणलेला. कुणाच्या तरी छातीवरून गेलेला असावा, तसा.