उसनी लाइट

विहिरीवर पाऊल टाकलं आणि बेबीनंदा थबकलीच. मोटर चालू होती... आणि तीही तिचीच! स्टार्टरपाशी, लिंबाच्या सावलीत, साखर कारखान्यावरची नोकरी सोडून नुकताच गावी परतलेला शेजारचा मच्छिंद्र आरामात बसला होता.

"आजची लाइट तर तुमची हाय!"

"हाय ना. पण तुमच्या मोसंबीनं माना टाकल्यात..."

"मंग बदल्यात काय पाह्यजे? बैल, का माणसं?"

"सध्या काही न्हाई," तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडली. ती तिला आवडली, आणि म्हणूनच तिचा संशय दुप्पट झाला.

विहीर दोन्ही घरांची सामाईक. दोन मोटरी एकदम लावल्या की डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळायचा, म्हणून लाइट एक दिवस यांची, एक दिवस त्यांची. शिवारात पैशापेक्षा लाइटच जास्त चाले. दिवसभराची लाइट दिली की पेरणीला बैल मिळत, अर्ध्या दिवसाची दिली की कापूस वेचायला बाया. उसनी लाइट मात्र लाइटीनंच फेडायची. नाही फेडली तर विहिरीतला हिस्सा जायचा. तिच्या चुलत्याचा असाच गेला होता. तिचे वडील कंबर मोडून खाटेवर पडलेले. हा हिस्सा गेला की बाग संपलीच.

फेड म्हणून तिनं आपला दिवस सोडला, तर पठ्ठ्यानं तेव्हाही तिचीच मोटर लावली! बांधापलीकडं त्याचा ऊस पिवळा पडत चालला होता. स्वतःचा ऊस वाळवतो म्हणजे याचा डाव मोठाच असणार... तिची झोप उडाली. खरं सांगायचं तर, नुसत्या विहिरीपायी उडाली नव्हती.

शेवटी तिनं त्याला विहिरीवर गाठलंच. "विहीर पाह्यजे ना तुम्हाला? खरं बोला!"

त्याचा चेहरा उतरला. हातातली काडी मोडत तो म्हणाला, "विहीर न्हाई हो... आमच्या वडलांना इचारलं मी. म्हणलं, दिलेली लाइट परत घ्यायचीच नसंल, तर काय करावं?"

"मंग?"

"म्हणले — एका घरात कोण फेड मागतं?"

तिची कानशिलं तापली होती. पुढं होऊन तिनं लाल बटण दाबलं, आपली मोटर बंद केली. मग तिनं त्याच्या मोटरीचं हिरवं बटण दाबलं. पाणी उसाकडं धावलं.

"एकच घर म्हणता," ती पाठमोरीच म्हणाली, "मंग माझा ऊस असा वाळवायला तुम्हाला सांगितलं कुणी?"