केटलीसाहेबाचं पाणी

दिवेलागणीला नलिनीनं गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं. सावंतांच्या घरात हे पाणी कधी चुकत नाही. नवी सून आली की सासू तिला आधी हे पातेलं दाखवते, मग बाकीचं घर.

पाणी दादूसाठी. दादू म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जयवंतचा, खापरपणजोबा. पोटासाठी मालवणहून मुंबईला आला आणि नशिबी आला केटलीसाहेब. इंग्रजांचं राज्य होतं, बाकीचे साहेब वाघ मारायचे, हा डोंगर मोजत हिंडायचा. मुलुंडच्या मागच्या टेकड्यांपासून त्यानं सुरुवात केली. सरकारी नकाशावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. माथ्यावर चढायचं, केटलीत पाणी उकळायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापूनच उकळतं, त्यावरून उंची काढायची. शास्त्र खरं होतं, साहेब मात्र अर्धवट. सावलीतही छत्री उघडी ठेवायचा आणि डोंगराला मोठ्यानं 'येऊ का?' विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. केटली वाहायला दादू. एका बिननावाच्या शिखरासाठी दोघं हिमालयात गेले ते गेलेच.

दादूच्या बायकोनं कुंकू पुसलं नाही. लांबून आलेल्याच्या पायांवर ऊन पाणी घालायची गावची रीत, म्हणून ती रोज संध्याकाळी पाणी तापवत राहिली. तिच्यामागे सुना. परत आला तर, या धास्तीनं त्याचं दिवसकार्य कुणी केलंच नाही. माणूस ना घरात राहिला, ना पितरांत.

जयवंतला त्याच दादूचं वेड. रिटायर झाला आणि 'शिखर बघून येतो' म्हणून निघाला, त्याला तिसरा पावसाळा उलटला. शेवटी दिंडोशीला राहणाऱ्या मुलानं, सिद्धेशनं, भटजी ठरवले. उद्या पळसाच्या पानांचा पुतळा करून बाबांना अग्नी द्यायचा. नलिनी 'बरं' म्हणाली होती. पण त्या माणसाशी चहाच्या साखरेवरून भांडायलासुद्धा तिचा जीव तुटत होता.

पातेलं आज फार लवकर खळखळलं. खिडकी बंद असूनही गार वारा आत शिरला, ओल्या घोंगडीचा आणि रॉकेलचा वास आला. वाफेत हात गेला तर चटका बसला नाही. तिनं भीतभीत बोट बुडवलं. भसाभसा उकळ्या फुटत होत्या आणि पाणी नुसतं कोमट होतं.

तिला धाप लागली. पॅसेजच्या अंधारातून आवाज आला.

"नलू… पाणी तापला काय गो?"

"तापलं…" तिचे डोळे भरून आले. "अहो, आत या ना."

"साहेब थांबूक देत नाय… अजून वर जावचा आसा."

"मग मी काय करू? उद्या तुमचं…"

"करू नको गो," आवाज म्हणाला. "मगे वाट बघूक कोण ऱ्हवतला?"

तिनं सिद्धेशला फोन लावला. "उद्या नको रे. भटजींना नाही म्हणून कळव."

"आई, सगळं ठरलंय यार. आणि तुला एवढी धाप का लागलीय? कुठे आहेस तू, वारा कसला येतोय?"

"स्वयंपाकघरात."

मग सिद्धेश अगदी हळू म्हणाला, "मागे बाबा बोलतायत ना? दे त्यांना फोन."

तिला तर कुणीच दिसत नव्हतं. तरी तिनं पॅसेजकडे वळून फोन पुढं धरला. आनंदानं की भीतीनं, तिचं तिलाच कळत नव्हतं. खरखरीत, गार बोटांनी तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

अंधारातून तिला सिद्धेशचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"हो बाबा… शिखर बघायला येतो ना. आत्ताच निघतो."